तळपाय बघणारे मामा

माझं अक्षर बघून कुणी हसू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावाला. त्यानंतर हातात पेन धरला तो फराळाच्या ऑर्डरी लिहायला. चकली दोन किलो, करंजी पन्नास, एवढंच लिहायची सवय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, ओळी वर-खाली गेल्या असतील, तर माफी असावी. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कागदासमोर थोडा फुटतो.

लिहायचं आहे ते मामांबद्दल. ते माझे मामा नव्हेत. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ते ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे. तिथे पेशंट अशा सगळ्या माणसांना मामाच म्हणतात. रिटायर झाल्यावर लालबागला आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर, आमच्या एक माळा वर, कोपऱ्याची खोली भाड्याने घेतली आणि नाव सोबत घेऊन आले. आता ते नेमके कुठल्या पत्त्यावर असतात मला माहीत नाही.

पहिल्यापासून मला तो माणूस बरा वाटला नाही. कारण सांगते. ते कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. जिन्यात बाई समोरून आली की नजर खाली, थेट तिच्या पावलांवर. लाजून खाली बघणारा पुरुष मला कळतो, माझे वडील तसे होते. हे तसं नव्हतं. बाजारात कल्ले उचलून मासळी बघतात तसं हे बघणं होतं. समोरच्या काकू म्हणायच्या, "ह्याचा डोळा पैंजणांवर आहे गो. एक दिवस कुणाचे तरी जातील." तिसऱ्या माळ्यावर नवीन सून आली तेव्हा मामा तिला नळावर म्हणाले, "टाच फुटलीय. तेल लाव, नाहीतर आत माती जाईल." ती बिचारी कळशी तिथेच टाकून वर पळाली.

त्यात लोक म्हणायचे की हॉस्पिटलातला कापूस चोरताना सापडले, म्हणून मुदतीआधी घरी बसवलं. खरंखोटं देव जाणे. पण त्यांच्या खोलीत गॉजच्या गुंडाळ्या होत्या, मी दारातून बघितल्या आहेत, आणि वरच्या गॅलरीत त्या टोकाला स्पिरिटचा वास यायचा.

सगळी चाळ सणाला खायची, जागायची, नाचायची. मामा एकटे उलटे. गणपतीत आमच्याकडे किती माणूस येतं ते लालबागला राहणाऱ्यालाच कळेल. वर्षभर फोन न करणारे नातेवाईक दर्शनाच्या रांगेतून सुटले की पाय मोकळे करायला आमच्याकडे चढतात. दर पाहुण्यामागे चहा, दर चहामागे घरच्याचाही अर्धा कप. मामा सगळ्यांकडे गणपतीला जायचे, पण घरून नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खाऊन. काखेत कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा ग्लास. आधी पाणी मागायचे. मग मोदकाची शेंडी तेवढी मोडून तोंडात टाकायचे आणि उरलेला कागदात बांधून पिशवीत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "चिमटीत मावतो तो प्रसाद. त्याच्यावर असेल ते जेवण, आणि जेवून आलोय."

जेवणानंतर गॅलरीत शंभर पावलं, मोठ्याने मोजत. मध्ये कुणी "काय मामा, बरे आहात ना?" विचारलं की उत्तर यायचं, "बासष्ट." रात्री दहाला कानात कापूस. विसर्जनाच्या रात्री खाली ढोल चालू असतानाही दार बंद. पोरांनी दुसऱ्या दिवशी टोमणा मारला, "मामा, बाप्पा निघाले आणि तुम्ही झोपलात?" तर म्हणाले, "बाप्पा पुढच्या वर्षी येतात. गेलेली झोप येते का?"

आणि रोज संध्याकाळी दारात पाट टाकून पाय धुवायचे, जुन्या धोतराच्या तुकड्याने बोटांच्या बेचक्या पुसायचे आणि दाढीचा आरसा खाली धरून तळपाय बघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, "तोंड रोज बघता. तळपाय शेवटचा कधी बघितला?" काकू वर गेल्या की तोंड फिरवून पुढे जायच्या.

आता आमचं सांगते. माझे मिस्टर प्रभादेवीला एका टॉवरमध्ये वॉचमन. बारा तास उभं राहायचं, पायात कंपनीचे कडक बूट. त्यांना शुगर आहे. आदल्या वर्षी गणपती ते दिवाळी कुणाचं काही सोडलं नाही, आणि दिवाळीनंतर उजव्या पायाची करंगळी कापावी लागली. डॉक्टरीणबाई तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही. घोट्यापर्यंत जाईल." पाय गेला तर नोकरी गेली. माझ्या पोळ्यांवर आणि फराळावर घर चालत नाही.

श्रावण संपता संपता हे ड्युटीवरून येत होते. मामा जिन्यात उभे. म्हणाले, "उजवा मोजा ओला आहे."

हे हसले. "घाम असात मामानू."

"घाम एका पायाला येत नाही."

घरी येऊन मोजा काढला तर अंगठ्याखाली फोड फुटून पाणी येत होतं. ह्यांना कळलंच नव्हतं. मला मात्र आधी भलताच विचार आला, की हा माणूस जिन्यात वाटच बघत असणार, कधी कुणाचा मोजा भिजतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी मामा न बोलावता आले. दारात चप्पल काढली, खाली बसले, ह्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. दोन वेळा वाकून वास घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, डॉक्टरला आजच दाखवा. गोळ्या ते सांगतील त्या. मी डॉक्टर नाही, पट्टीवाला आहे. पट्टी रोज सकाळी मी करीन, फुकट. पण पाच हजार अनामत ठेवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. फुकट आणि पाच हजार एका तोंडातून कसे येतील?

"गणपतीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत," ते म्हणाले. "बाहेर जाताना घरून खाऊन जायचं. गोड चिमटीत मावेल तेवढं. चहा दोनदा, बिनसाखरेचा. ड्युटीवरून आला की पाय वर, दहाला झोप. संध्याकाळी आरशात तळपाय. पाळलं तर पाचच्या पाच हजार परत. मोडलं तर माझे."

हे म्हणाले, "आणि पावती?"

"पावतीला पाय आहे ना तुझा."

पाच हजार होते माझ्याकडे. फराळाच्या बेसन-तुपासाठी बाजूला काढलेले. मी दोन दिवस त्या नोटा काढून परत ठेवत होते. बाहेर रोजची पट्टी करायची तर दिवाळीपर्यंत पाच हजारांच्या वर जाणार, हा हिशेब मला कळत होता. पण जो माणूस काम फुकट करतो आणि पैसे आधी मागतो, त्याला द्यायचे कसे? शेवटी डॉक्टरीणबाईंचं ते घोट्याचं बोलणं आठवलं आणि दिले. वाण्याकडे बेसन उधार आणलं. मामांनी नोटा पिशवीत ग्लासात कोंबल्या. ते मला मुळीच आवडलं नाही.

गणपतीत काकूंच्या घरी आरती झाली, सगळी गॅलरी आत. ह्यांच्या हातात दुसरा मोदक गेला. मामा गर्दीतून आले आणि सगळ्यांच्या देखत तो हातातून काढून घेतला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हे ओशाळून म्हणाले, "मामानू, एक मोदक खाल्लो म्हणान पाय काय पळान जातलो?"

"एक बोट गेलं ना पळून?" मामा म्हणाले. "त्यानेही सांगितलं नव्हतं."

काकू माझ्या कानात म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा मालक झाला हा."

दसऱ्यानंतर माझं फराळाचं काम सुरू झालं. घरात डबेच डबे. आमची खोली दहा बाय बारा, डबे ठेवायचे कुठे, तर ह्यांच्या उशाशी. मामा एक दिवस भंगारवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा घेऊन आले. पट्टी करून झाली की लाडवाचा डबा काट्याला अडकवायचे आणि आकडा भिंतीच्या कॅलेंडरवर लिहायचे. दुसऱ्या सकाळी तोच डबा परत. एकदा आकडा कमी भरला.

"वैनी, लाडू कमी आहेत."

"मी चव बघितली," मी म्हटलं.

"वीस वर्षं करताय. अजून चव बघावी लागते?"

मला राग आला. माझ्या घरात, माझ्या डब्यावर हा काटा. आणि हा एवढा संशय घेतो तर आपण ह्याचा का घेऊ नये? खरं म्हणजे लाडू ह्यांनीच खाल्ला होता, अर्धा. ते मला नंतर कळलं. मामांनी त्या दिवसापासून डबे काकूंच्या पोटमाळ्यावर ठेवायला लावले.

त्याच आठवड्यात मी डाळ्या आणायला मागच्या गल्लीत गेले. तिथे मिठाईचं एक छोटं दुकान आहे. मामा गल्ल्याशी उभे होते. कापडी पिशवीतून एकेक खोका काढत होते. पेढे, बर्फी, काजूकतली, न फोडलेले खोके. सणाला लोक त्यांना देत ते, आणि चाळीत ज्यांना नको असे ते, "माझ्याकडे द्या" म्हणून मागून नेलेले. दुकानदाराने खोके आत ठेवले आणि नोटा मोजून दिल्या. मामांनी त्या ग्लासात कोंबल्या.

म्हणजे हा धंदा आहे. लोकांना सांगायचं गोड खाऊ नका, आणि तेच गोड विकायचं. मग आमचे पाच हजार कुठले परत यायला.

मी फक्त काकूंना सांगितलं. एका बाईलाच सांगितलं. दिवे लागायच्या आत चाळीच्या सेक्रेटरीपर्यंत गेलं, आणि चार माणसं मामांच्या दारात. मी वरच्या गॅलरीच्या ह्या टोकाला पदर तोंडाला लावून उभी.

सेक्रेटरी म्हणाले, "मामा, तुम्ही मिठाई विकता?"

"विकतो."

एवढं सरळ उत्तर कुणाला नको होतं. सेक्रेटरी थोडे अडखळले. "आणि खालच्या वॉचमनचे पाच हजार?"

"माझ्याकडे आहेत."

"मग दाखवा. नाहीतर आत्ता जीपे करा, प्रकरण मिटलं."

"मी ते वापरत नाही. आणि आत्ता देत पण नाही. तुळशीचं लग्न व्हायचंय."

"पैसे आहेत की उडवलेत?"

मामांनी पहिल्यांदा मान वर केली. चार जणांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे बघितलं. "गुंतलेत," म्हणाले, आणि दार लावलं.

काकू म्हणाल्या, "गेले तुझे पैसे. लाडू वळ आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते नेहमीसारखे दारात. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, "आज नको."

"काल पट्टी ओली झालीय. मी वरून बघितलं. भांडण नंतर करा."

मी बाजूला झाले. पट्टी झाल्यावर त्यांनी पिशवीतून निळ्या मऊ रबराच्या चपला काढल्या, शुगरवाल्यांना देतात त्या. नव्या कोऱ्या. ह्यांच्या पायापुढे ठेवल्या. "बूट बंद. सुपरवायझरला डॉक्टरची चिठ्ठी दाखव."

"कुणाच्या आहेत?" मी विचारलं.

"पडून होत्या."

नव्या चपला कुणाच्या पडून असतात? मी मनात म्हटलं, आमच्याच पैशाच्या घेतल्या आणि आमच्यावरच उपकार.

पण खरं ते लिहायला हवं. जखम भरत होती. कडा गुलाबी आल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ड्रेसिंग कोण करतं? हात चांगला आहे." मी सांगितलं नाही.

भाऊबीजेला हे अँटॉप हिलला बहिणीकडे गेले. माझी ऑर्डर द्यायची राहिली होती म्हणून मी गेले नाही. मी भाकरी करून ठेवली होती, ती तशीच टोपलीत राहिली. संध्याकाळी आले ते खुशीत. श्रीखंड, पुऱ्या, वर करंज्या. बहिणीने ताटात वाढलं, नाही कसं म्हणायचं. "वर्षात एकदा ओवाळता माका," म्हणाले. "मामांका सांगू नको. पाच हजाराचो प्रश्न आसा."

मी मान हलवली.

सकाळी मामांनी पट्टी सोडली. कालपर्यंत कोरडी होती, आज पिवळी. वाकून वास घेतला. काटा बाहेर काढला नाही, कॅलेंडरकडे बघितलं नाही.

"काल कुठे जेवलास?"

"घराकच," हे म्हणाले.

मामा पाय तसाच मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "वैनी, मी तुम्हाला विचारतोय."

मला कुणी असं समोरासमोर विचारलं की माझी नजर जमिनीला लागते. शाळेत बाईंनी विचारलं तरी व्हायचं, उत्तर येत असलं तरी. हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. खरं बोलले तर पैसे जाणार, आणि ते ज्याच्याकडे जाणार तो माणूस मला चोर वाटत होता. पण मामांच्या मांडीवर तो पाय होता. चार बोटांचा. त्याला काही कळत नव्हतं.

"नणंदेकडे," मी म्हटलं. "श्रीखंड खाल्लं. बरंच."

हे ओरडले, "पैशे घालवलंस तू."

"पैसे गेले," मामा म्हणाले. "आता गप्प बस. दुपारी डॉक्टरकडे. शुगर तपासून गोळ्या विचारायच्या. मी पण येतो."

आणि आले. ओपीडीच्या बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये अडीच तास बसले. समोरून जाणाऱ्यांचे पाय बघत. एकदा एका म्हाताऱ्याला म्हणाले, "आजोबा, चप्पल डाव्या पायाची उजव्यात आहे." डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, जखम साफ केली. म्हणाल्या, "लवकर आणलंत. चार दिवस उशीर झाला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं."

तुळशीचं लग्न झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषाच्या दारात एकटी गेले.

"मामा, पैसे."

"नियम मोडला ना."

"मी खरं सांगितलं."

ते पाय पुसत होते. बेचकी पुसून झाली, मग म्हणाले, "म्हणून सगळे बुडणार नाहीत. महिन्याला रिपोर्ट दाखवा. डॉक्टर बरा म्हणाले तर पाचशे. असे दहा वेळा."

मी खाली आले ती हेच मनात घेऊन, की ज्याच्याकडे पैसे असतात तो हप्त्याने देत नाही. उडवलेत ते नक्की. पेन्शनमधून भागवतोय. काकूंनाही तसंच वाटलं. पण ह्या वेळी मी त्यांना वर जाऊन कुणाला सांगू दिलं नाही.

पहिला रिपोर्ट चांगला आला. मामांनी तो दूर धरून वाचला, ग्लासातून पाचशे काढले. मी घरी येऊन ऑर्डरीच्या वहीत मागच्या पानावर एक रेघ मारली. माघी गणपतीला दुसरी. होळीच्या महिन्यात पुरणपोळीने घात केला, रेघ नाही. हे तेव्हा मुलासारखे रुसले. एप्रिलपासून मात्र स्वतःच भाकरी मागून खाऊन कामाला जायला लागले, आणि बायकांच्या मंडळात दुसरी बातमी झाली, की खालचा वॉचमन संध्याकाळी दारात आरसा घेऊन बसतो. मे महिन्यात आंबे. ती रेघ पण नाही. मामांनी रिपोर्ट परत दिला.

पावसाळ्यात चाळ पाडायचं ठरलं. मामांसारखे महिन्याच्या भाड्याने राहणारे होते, त्यांना आधी जावं लागलं. मामा माझगावला कुणा भाच्याकडे राहायला गेले. तेव्हा सहा रेघा झाल्या होत्या, दोन हजार बाकी होते. टेम्पोत एक पेटी, एक पाट, गॉजच्या गुंडाळ्या. काकू म्हणाल्या, "आता काय येतोय तो." मलाही तसंच वाटलं. पत्ता मागायला हवा होता, पण माझ्याने झालं नाही.

पुढच्या महिन्यात ते बसने आले. त्याच्या पुढच्या महिन्यात आले. गणपतीत गर्दीत रस्ते बंद, तर भायखळ्यापासून चालत आले, घरून जेवून. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. आणि एकदा मी विचारलंच. "मामा, ती मिठाई विकून काय करायचात?"

"वॉर्डात कुणाकुणाच्या पायात चप्पल नसायची," ते म्हणाले. पाणी पिऊन ग्लास पिशवीत ठेवला. मला ते पूर्ण पटलं असं नाही. माणूस बरं सांगतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

शेवटचा हप्ता दिवाळीनंतरचा. ह्या वेळी हे भाऊबीजेला घरून भाकरी खाऊन गेले आणि बहिणीकडून चिमूटभर श्रीखंड खाऊन आले. नणंद माझ्यावर रागावली आहे. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघितला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. आम्ही तोवर चाळ सोडून तात्पुरत्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर आलो होतो. लिफ्ट बंद होती. मामा जिन्याने आले, दम लागला होता, दारात भिंतीला टेकून उभे राहिले.

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "आधी पाय."

हे खुर्चीत बसले. मामा खाली बसले, पाय मांडीवर घेतला, आरसा लावून तळवा बघितला, चार बोटांच्या बेचक्या बघितल्या. जुन्या जखमेच्या जागी अंगठ्याने दाबलं. "इथे कळतं?"

"कळता."

"इथे?"

"थोडासा."

"बूट परत घालायचे नाहीत."

"नाय मामानू."

मग पाय हळू खाली ठेवला, चपला पुढे सरकवल्या आणि पिशवीतून शंभराच्या पाच नोटा काढून माझ्या हातात दिल्या. मामांच्या देखत मोजायला मला लाज वाटत होती. "मोजा," मामा म्हणाले. मी मोजल्या. एक नोट जुनी होती, ती खिडकीशी नेऊन उजेडात बघितली. बरोबर होती. वहीत दहावी रेघ मारली आणि दहाही रेघा पुन्हा एकदा बोटाने मोजल्या. पाच हजार पूर्ण आले होते. चपलांचे पैसे त्यांनी कुठेच कापले नव्हते.